पंधरा अंशांचा ताळा

नायगाव, मुंबई
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

चि. अनुजा,

आशीर्वाद लिहावा की नाही यात पाच-सात मिनिटं गेली. लिहिला आहे असं समज.

पत्र तू शिकवतेस त्या कॉलेजच्या पत्त्यावर टाकतोय, कारण लातूरला तू राहतेस कुठे हे मला माहीत नाही. फोन दोन वर्षांत तू एकदाही उचललेला नाहीस. मोबाईलवर मेसेज लिहून पाहिला, पण त्यात वर्गमुळाचं छत नीट पडत नाही. पहिल्या आकड्यावर येतं आणि बाकीचे उघड्यावर राहतात. अर्धवट लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, म्हणून कागद घेतला.

कामाचं आधी. आपली चाळ रिकामी करायची आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या मजल्याचा नंबर आहे. इमारत उभी राहीपर्यंत संक्रमण शिबिरात खोली देतायत. मी सामान काढायला घेतलंय. तुझ्या वह्या एकोणीस आहेत, त्यातल्या सात पूर्ण भरलेल्या, बाराच्या मागची चार-पाच पानं कोरी. आईची कापड कापायची कात्री आहे, ती तू नेणार होतीस. निळ्या ट्रंकेत तुझे एम.एस्सी.चे कागद आहेत. यातलं काय ठेवायचं आणि काय द्यायचं, एवढं कळव. पोस्टकार्ड पुरेल.

हे लिहीत असताना शेजारची नलूकाकी दारात येऊन उभी राहिली. तिनं पानावर नजर टाकली आणि म्हणाली, "बहिणीक पत्र लिवतंस काय वकिलाक नोटीस?" तिला वाचता येत नाही. नुसत्या ओळी पाहूनच तिनं हे ठरवलं.

आता दुसरं. विषय निघालाच आहे तर त्या शनिवारबद्दल माझी बाजू लिहून ठेवतो. १७ सप्टेंबर २०२२, दुपारी साडेचार, दादरच्या त्या क्लासमध्ये तुझं अकरावी सायन्सला पहिलं डेमो लेक्चर. पालकांना मागे बसायची मुभा होती. आईबाप नाहीत, तेव्हा पालक मीच. म्हणून येऊन बसलो. तुला न सांगता आलो, हे मान्य. इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. बेचाळीस मुलं, तीन पालक आणि मी.

ज्या पंधरा अंशांची नेमकी किंमत काढा, असं तू फळ्यावर लिहिलंस. (तुम्ही हल्ली साइन म्हणता. माझ्या पुस्तकात ज्या आहे, मी ज्याच लिहिणार.) पंचेचाळीसमधून तीस वजा, असं करून तू उत्तर काढलंस: (√६ − √२) / ४. मी आजवर अर्ध्या कोनाच्या सूत्रानं काढत आलो, आणि माझं उत्तर येतं: √(२ − √३) / २. दोन उत्तरं दिसायला वेगळी. मी उभा राहिलो आणि तुझं लक्ष वेधलं. चूक हा शब्द मी वापरला का, हे आता नक्की आठवत नाही. फळ्यावर खिडकीचा उजेड येत होता, मागच्या बाकावरून नीट दिसतही नव्हतं.

एवढ्यावरून क्लासच्या हितेंद्र सरांनी तुला नोकरीवर घेतलं नाही, हा त्यांचा निर्णय. आणि तू जाताना दारात उभी राहून मला जे ऐकवलंस, "दादा, जिथं उभा राहून बोललास, तिथंच उभा राहून परत बोल. तोवर माझ्याशी बोलू नकोस," ते मी मनावर घेतलेलं नाही. मोठ्या भावाला क्लासच्या पोरांपुढे उभं करायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण माझा राग गेलाय. तू बोललीस तर मी बोलेन.

वह्यांचं कळव.

मनोहर


मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४

चि. अनुजा,

पत्र परत आलेलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर नाही, म्हणजे वाचलं.

परवा भाऊबीज झाली. नलूकाकीनं तिच्या भावाला ओवाळलं आणि उरलेल्या निरांजनावर मलाही बोलावलं. मी गेलो नाही. कारखाना बंद होता. रे रोडचा आपला भिवा सणाच्या दिवशी हमखास फोन करतो. पंचवीस वर्षं शेजारच्या लेथवर उभा राहिलेला माणूस. "काय मास्तर, आज किती अंशात बसलायस?" असं त्यानं विचारलं. काटकोनात, म्हटलं. बराच वेळ हसला. मग म्हणाला, जेवायला ये. गेलो नाही.

सुट्टी होती म्हणून एक गोष्ट करून पाहिली. ती तुला कळवणं माझं काम आहे.

तुझ्या आणि माझ्या उत्तराचा मी ताळा केला. दोन्हींचा वर्ग केला. तुझं आधी:

(√६ − √२)² = ६ + २ − २√१२ = ८ − ४√३. खाली चाराचा वर्ग सोळा. वरखाली चारानं भागलं की उरतं (२ − √३) / ४.

माझं: √(२ − √३) / २ चा वर्ग. वरचं छत उडालं, खाली चार. (२ − √३) / ४.

दोन्ही एकच. दोन्ही संख्या धन आहेत, म्हणून वर्ग समान तर संख्याही समान. हे कारण लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापायला हवा, म्हणून लिहिलं.

म्हणजे तुझं उत्तर बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. गेल्या आठवड्यात हे माझ्या ध्यानात आलं. कारखान्यात आम्ही कोन बसवायला साइन बार लावतो, दोनशे मिलिमीटरचा पोलादी दांडा. पंधरा अंश हवे असले की त्याच्या एका टोकाखाली स्लिप गेजचे ठोकळे रचतो, उंची ५१.७६४. तिथं कुणी विचारत नाही की हा आकडा पंचेचाळीस वजा तीसमधून आला की तिसाच्या निम्म्यातून. जॉब कोनात बसला की झालं. पण मी नेमक्या किमतीच्या मागे लागलेला माणूस. मला वाटायचं, नेमकी म्हणजे एकच, आणि एकच म्हणजे एकाच रूपात. तीस वर्षं तसंच वाटत आलं.

याला कारण ते पुस्तक. फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलं तेव्हाच त्याला मुखपृष्ठ नव्हतं, आणि पान ११३ ते १२८ नव्हती. सोळा पानं, म्हणजे बांधणीतला एक पूर्ण फर्माच गळालेला. दोन कोनांच्या बेरीज-वजाबाकीची सूत्रं नेमकी त्या फर्म्यात. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला जेवढी पानं मिळाली तेवढंच तो शिकला. शिकवायला कुणी नव्हतं, चुकलं तर सांगायलाही कुणी नव्हतं. याचा विचार तू करावास.

तेव्हा हा विषय इथं मिटला असं मी समजतो. दोघंही बरोबर.

आईची कात्री मी तेल देऊन ठेवली आहे.

मनोहर


रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

अनुजा,

मागच्या पत्रातल्या दोन गोष्टी खोट्या आहेत. आज दुपारी पुस्तकांचं खोकं बांधताना ते जुनं पुस्तक हातात आलं. एकशे बारा आणि एकशे एकोणतीस या पानांच्या मध्ये ते आपोआप उघडलं. तिथं तुझी सोळा पानं आहेत. बारावीत असताना तू कॉलेजच्या लायब्ररीत बसून दुसऱ्या पुस्तकातून माझ्यासाठी उतरवून आणली होतीस ती. रेघा मारून, सिद्धतांना निळी शाई, सूत्रांना काळी. वर पानांचे आकडेही माझ्या पुस्तकाप्रमाणे घातलेस, ११३ ते १२८, म्हणजे मला तुटक वाटू नये.

म्हणजे फर्मा गळालेला होता, पण वीस वर्षांपूर्वी तू तो भरून दिला होतास. पंचेचाळीस वजा तीस मला येत नव्हतं, हे मी तुला लिहिलं. ते मला येत होतं. तूच शिकवलं होतंस.

तुझ्या पानांच्या आत एक घडी केलेलं हँडबिल होतं. त्या क्लासचं. दारात वाटत होते ते. त्याच्या पाठीमागे माझ्या पेन्सिलीनं तोच ताळा आहे, जो मागच्या पत्रात मी गेल्या आठवड्यात सुचला म्हणून लिहिला. शेवटच्या ओळीला लाल शाईची बरोबरची खूण. शेजारी तुझ्या हातचं ५/५. त्याखाली तारीख, १८-९-२२.

मी हे हँडबिल शर्टाच्या खिशात विसरलो होतो. रविवारी तू कपडे धुवायला काढायचीस, खिसे तपासून. दुसऱ्याच दिवशी तुला सापडलं.

म्हणजे तुला माहीत होतं की मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. आणि मी मागची दोन पत्रं तुला लिहिली.

आता घडलं तसं लिहितो. उजेड आणि फळा सोड. मला सगळं दिसत होतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, उत्तर चूक आहे." चूक हाच शब्द. तू मला ओळख दाखवली नाहीस. "सर, आपण लेक्चरनंतर बोलू," म्हणालीस. ते मला लागलं. मला सर म्हणून तू माझी लाज झाकत होतीस, आणि मला वाटलं, आपल्या भावाला ओळख द्यायची हिला लाज वाटते. मग मी म्हणालो, "मी हिचा भाऊ. हिला गणित मीच शिकवलंय." मुलं एकदा माझ्याकडे, एकदा तुझ्याकडे बघायला लागली.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं कॅल्क्युलेटरवर दोन्ही काढून पाहिलं. तिनं हात वर केला आणि म्हणाली, दोन्ही सेमच येतंय, पॉइंट टू फाइव्ह डबल एट. मी तिला म्हणालो, दशांश म्हणजे अंदाज, आपण इथं नेमकी किंमत काढतोय. मी. पंचवीस वर्षं त्याच दशांशावर जॉब कापून पोट भरलेला.

आणि तू तेव्हा खडू हातात धरून उभी होतीस. दोन ओळींत ताळा करून दाखवला असतास तर बेचाळीस मुलांपुढे मी खाली बसलो असतो, आणि ती नोकरी तुझी झाली असती. तू खडू ठेवलास, हात झटकलेस आणि म्हणालीस, "पुढचं उदाहरण." मला वाटलं, जिंकलो. खरंच तसं वाटलं.

दादर टी.टी.च्या बस स्टॉपवर उभं राहून हँडबिलामागे ताळा केला. बस यायच्या आत जुळला. बस आली ती मी सोडली. पुढचीही सोडली. मग चालत घरी आलो.

तू आलीस. चप्पल काढलीस. एकच विचारलंस.

"दादा, ताळा केलास?"

"केला. तुझं जुळत नाही."

त्यानंतर सहा आठवडे तू वाट पाहिलीस. माझ्या ताटात वाढलंस, कपडे धुतलेस. भाऊबीजेला पाटावर बसवून ओवाळलंस, तेव्हा तुझ्या डोळ्यांत मला काही विचारल्यासारखं दिसलं होतं. मी ओवाळणी घातली आणि उठलो. पाच दिवसांनी तू लातूरची बॅग भरलीस. चुकीमुळे तू गेली नाहीस, एवढं आज मला समजलं. चूक तर तू त्या कागदावर तपासून, मार्क देऊन, पानांत ठेवून दिली होतीस. मी कधीतरी ते पान उघडीन म्हणून. दोन वर्षं दोन महिने उघडलं नाही. कारण त्या प्रकरणाकडे मला जायचंच नव्हतं.

बाबा गेले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. मी नववी सोडून कारखान्यात लागलो याचं दुःख नाही. पण सगळे मला अडाणी समजतील याची भीती माझ्या मागे लागली ती आजवर सुटली नाही. गणितानं ती झाकली. तू मोठी झालीस, माझ्यापुढे गेलीस, ते मला कळत होतं. आवडतही होतं. फक्त कुणासमोर नको होतं.

हे कारण म्हणून लिहिलेलं नाही. वाचून झालं की खोडलंस तरी चालेल.

दादा


शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

अनुजा,

आज दादरला गेलो होतो. तीच गल्ली, तोच दुसरा मजला. हितेंद्र सरांनी ओळखलं. चहा मागवला. मी म्हटलं, मला तुमच्या वर्गात पाच मिनिटं बोलायचंय. कशाबद्दल ते सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "काका, आता कुणाला सांगणार? ती बॅच इंजिनिअरिंगला गेली. ज्यांनी ऐकलं त्यातलं इथं कुणी नाही."

अनुजा मॅडम चांगल्या शिकवायच्या, हेही म्हणाले. पण घरचाच माणूस वर्गात उठून चूक काढतो म्हटल्यावर पालकांना मी काय उत्तर देणार होतो, असं विचारलं. 

चहा पिऊन उतरलो. जिन्यात मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. हे लिहिणार नव्हतो, पण या पत्रांत आता काही दडवायचं नाही असं ठरवलंय.

मी माझ्याकडून गेलो होतो. मुलंच नाहीत तर सांगणार कुणाला.

दादा


रविवार, ८ डिसेंबर २०२४

अनुजा,

मागचं पत्र टाकलं त्या दिवशी नलूकाकी भांडी बांधत बसली होती. मी तिला क्लासमधलं सांगितलं, मुलंच उरली नाहीत, आता काय करणार म्हणून. तू गेलीस त्या दिवशी ती दारातच उभी होती, आठवतं? मान वर न करता म्हणाली, "मेल्या, तुका शब्द कळणत नाय. ता चेडू 'थंय' म्हणालेला. 'तेंका' नाय म्हणालेला. थंय उभो रव आणि सांग. ऐकूक पोरां खंयचीय चलतीत."

तू 'तिथं' म्हणाली होतीस, 'त्यांना' नाही. मी पहिल्या पत्रात तुझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं. शब्द नि शब्द. आणि वाचलं नव्हतं. जिला अक्षर येत नाही तिनं वाचलं.

काल पुन्हा गेलो. हितेंद्र सरांना म्हटलं, मला ती मुलं नकोत, ती जागा हवी. त्यांनी माझ्याकडे थोडं पाहिलं. लेक्चर सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं देतो म्हणाले. "पण मॅडमचं नाव घेऊन काही वाकडं बोलायचं नाही." मी म्हटलं, सरळच बोलायचंय.

अडतीस मुलं होती. फळा गेला. भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर बोटानं लिहितात. माझ्या बोटाला लेथचे घट्टे, पडद्याला ते कळेनात. दोनदा लिहिलं, दोनदा उमटलं नाही. मागून कुणीतरी हसलं. मी बोट शर्टाला पुसलं आणि पुन्हा लिहायला लागलो. म्हणालो, ज्या पंधरा अंशांची किंमत काढू. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "ज्या म्हणजे कुठल्या, काका?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. दोन वर्षांपूर्वी त्याला मी उभं केलं असतं.

मग दोन्ही उत्तरं लिहिली, एकाखाली एक. माझ्या वर्गमुळाचं छत वाकडं पडलं, तसंच ठेवलं. ताळा केला. दोन्ही धन आहेत, तेही लिहिलं. घरून आठ वाक्यं पाठ करून गेलो होतो. तिथं तीनच बोललो.

"दोन वर्षांपूर्वी याच खोलीत अनुजा मॅडमनी हे वरचं उत्तर काढलं. मी मागून उठून सगळ्यांसमोर चूक म्हणालो. ते बरोबर होतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी तिला खोटं सांगितलं."

 काहींनी लिहून घेतलं, काही जण घड्याळ बघत होते. त्यांच्यासाठी ते पंधरा अंशांचं एक उदाहरण होतं. तुझं नाव त्यांना माहीत नाही, माझं तर नाहीच. मला वाटलं होतं, जड जाईल. जड गेलं ते यानं, की कुणाला काहीच वाटलं नाही. दोन वर्षं मी ज्याला घाबरलो ते एवढंसंच होतं.

मग खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उठली. ओवी म्हणून कुणी तिला हाक मारत होतं. "परीक्षेत कुठलं लिहायचं, काका?" मी म्हटलं, कुठलंही. पूर्ण मार्क. ती बसली नाही.

"पण मॅडमना तर येत होतं ना. मग त्यांनी तेव्हाच का नाही दाखवलं?"

मी पडद्याकडे वळलो. पुसायचं कसं ते मला माहीत नव्हतं. मग पाठ फिरवूनच सांगितलं, मी खाली पडलो असतो म्हणून.

"म्हणजे?"

"मी तिचा मोठा भाऊ आहे."

ती बसली.  हितेंद्र सर आत आले, त्यांनी कुठंसं एक बोट लावलं आणि पडदा कोरा झाला. मी चपला घालून उतरलो. गल्लीत फुलवाल्याच्या टोपल्यांशेजारी थोडा वेळ उभा होतो. या वेळी सुटल्यासारखं वाटलं नाही. इतकंच वाटलं, की आता घरी जाऊन हे सांगायला कुणी नाही.

मी बोललो म्हणून तू बोलायलाच हवंस, असं नाही. तू घातलेली अट मी पुरी केली, याचा दाखला म्हणून हे लिहीत नाहीये. दाखला हवाच तर हितेंद्र सरांचा नंबर तुझ्याकडे असेल. विचारू नकोस मात्र. मी खरं लिहिलंय.

तुझ्या एकोणीसही वह्या मी बांधल्या. काय ठेवायचं हे तू कळवलं नाहीस, म्हणून सगळंच ठेवलं.

मंगळवारी सकाळी दहाला टेम्पो येईल. नलूकाकीची खोली वरच्या मजल्यावर आहे. ती म्हणते, माझ्या डोक्यावर भांडी आपटणार. त्यानंतर मी इथं नसेन, तेव्हा नवीन पत्ता लिहून देतो. काल जाऊन पाहून आलो, आकडे दोनदा तपासले.

संक्रमण शिबिर, इमारत ब, तिसरा मजला, खोली ३०७. मजल्याला एकच लांब व्हरांडा आहे, एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला लिफ्ट. जिन्यानं चढलीस तर डाव्या हाताचं तिसरं दार. लिफ्टनं आलीस तर उजव्या हाताचं दुसरं.

दार तेच.

दादा